खऱ्या वाक्यांची शिकवणी

मास्तरांच्या शिकवणीचे नियम दोनच होते. एक म्हणजे वही आणायची नाही. वही आली की जीभ झोपते, असं ते म्हणत. दुसरा, वाक्य करायचं ते खरं करायचं, स्वतःच्या घरातलं, स्वतःच्या दिवसातलं. एखाद्या पोराने ‘राजा शिकारीला जातो’ असलं काही ठोकलं, की मास्तर चष्म्यावरून बघत आणि विचारत, “कोण राजा? तुमच्या मजल्यावर राहतो का?” वर्ग हसायचा, पण ते पोर पुढच्या खेपेला आपल्या मामाच्या सायकलवर वाक्य करून आणायचं. उभं आयुष्य त्यांनी इंग्रजी असंच शिकवलं. एक क्रियापद धरायचं आणि त्याचे सगळे अर्थ अंगवळणी पडेपर्यंत सोडायचं नाही. शब्दाचे अर्थ माणसाच्या स्वभावासारखे असतात, एका भेटीत कळत नाहीत, असं त्यांचं मत होतं.

निवृत्तीनंतर विद्यार्थी आटले. गॅलरीत खुर्ची टाकून वर्तमानपत्रातल्या चुका काढणं एवढाच उद्योग उरला. त्या चुका समजून ऐकणारंही घरात कुणी नव्हतं. म्हणून सून जेव्हा भाजी निवडता निवडता हलकेच म्हणाली, “बाबा, मला इंग्रजी शिकवाल? बोलण्यापुरतं,” तेव्हा मास्तरांना कोरड्या विहिरीला पाणी लागल्यासारखं झालं.

सून कापडाच्या एका मोठ्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकांना दिसणाऱ्या भागात नव्हे, मागच्या खोलीत. तिथे चार बायका तयार कपडे उसवून गिऱ्हाइकाच्या मापाचे करून देत. हात तिचा सुरेख, पण तोंडातून शब्द निघणं मुश्कील. आता दुकानाची दुसरी शाखा निघत होती, रात्रभराच्या प्रवासाएवढ्या लांबच्या गावी. तिथे काउंटरवर उभ्या राहणाऱ्या बायका हव्या होत्या आणि त्यांना इंग्रजी यायला हवं होतं. दुकानाच्या वरच बायकांना राहायला खोल्या होत्या. एवढं सगळं तिने मास्तरांना सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “ह्यांना एवढ्यात बोलू नका. व्हायचं तेव्हा होईल.”

मास्तरांनी मान डोलावली. सून लांब जाणार, खोलीत एकटी राहणार, नवऱ्याला आधी कळता कामा नये, यातलं काहीच त्यांच्या मनात थांबलं नाही. त्यांच्या मनात विचार सुरू झाला होता, की सुरुवात कुठल्या क्रियापदाने करावी.

त्यांनी ‘टेक’ निवडलं. “हे गरिबाघरचं क्रियापद आहे,” ते म्हणाले. “सगळ्यांच्या घरी राबायला जातं. आपलं ‘काढणं’ नाही का? आपण दिवस काढतो, झोप काढतो, कुणाची खोडी काढतो, आईबापाचं नाव काढतो आणि पोराच्या पायातला काटाही काढतो. एका शब्दाने किती घरची धुणीभांडी करावीत! टेक तसंच. याच्याशी मैत्री झाली, की बाकीचे आपोआप ओळख देतात.”

शिकवणी स्वयंपाकघरात व्हायची, दिवेलागणीला. सून दुकानातून येऊन चहा टाकायची, भाजी चिरायला बसायची आणि मास्तर स्टूल ओढून तिच्यासमोर बसायचे. चिरंजीव यायला अवकाश असायचा. मास्तर मुलाला चिरंजीवच म्हणत, लहानपणापासून. बापाचं इंग्रजी त्याने कधी अंगाला लावून घेतलं नाही, पण तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता आणि कामात हुशार. लिफ्ट बंद पडून कुणी मध्येच अडकलं, की हा बाहेरून दाराला तोंड लावून इतक्या मायेने बोलायचा, “घाबरू नका काकू, मी आहे, खाली बसून घ्या, आत्ता काढतो,” की इमारती-इमारतींतून म्हाताऱ्या बायका त्याला आशीर्वाद द्यायच्या. असा मुलगा नशिबाने मिळतो, असं सगळे मास्तरांना सांगत.

सासूबाई, म्हणजे मास्तरांची बायको, त्या वेळी बाहेरच्या खोलीत आसन घालून बसलेल्या असत. दिवा लागला की डोळे मिटून मोठ्याने नाम घ्यायचं, हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा नेम. आजारपणातही मोडला नव्हता. नेम चांगलाच होता. देवाच्या नावाने कुणाचं वाईट होत नाही. पण चिरंजीव घरी आल्यावर मधल्या खोलीचं दार लागलं आणि आतून आवाज चढू लागले, की सासूबाईंचाही आवाज चढायचा. आतलं शांत झालं की त्यांचंही नाम हळू व्हायचं. देवाचं नाव घ्यावं ते मन उघडण्यासाठी. त्या माउलीने त्याचे कानात घालायचे बोळे केले होते आणि हे तिचं तिलाही बहुतेक ठाऊक नव्हतं.

पहिले दिवस सोपे गेले. चहा घेणं, औषध घेणं, बस पकडणं, वेळ लागणं. सून वाक्य करायची, मास्तर काळ सुधारायचे. “मी गोळी घेते, रोज.” ठीक. “कसली गोळी?” असं त्यांनी विचारलं नाही, कारण वाक्यात चूक नव्हती. मग एखाद्यावर जाणं, म्हणजे दिसायला, वागायला सारखं असणं. टेक आफ्टर. सुनेने चिरता चिरता सुरी थांबवली, विचार केला आणि इंग्रजीतच म्हणाली, की माझा नवरा त्याच्या वडिलांवर गेला आहे.

मास्तर खूश झाले. “कशात बरं?”

“तेवढं इंग्रजी मला अजून येत नाही, बाबा,” ती म्हणाली आणि कांदा चिरू लागली.

मास्तर हसले. बाहेर सासूबाईंचं नाम चाललं होतं. मास्तरांना उगाच वाटलं, की ते क्षणभर थांबलं. सासूबाईंना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, तेव्हा थांबायचं कारणही नव्हतं. पण आपल्या तरुणपणातल्या काही संध्याकाळी मास्तरांच्या डोळ्यांपुढून सरकल्या. तेव्हा हात पटकन उठायचा. हल्ली कित्येक वर्षांत तसं काही घडलं नव्हतं आणि जे घडत नाही ते घडलंच नव्हतं असं मानायची माणसाला सवय लागते. त्यांनी पुढचा अर्थ घेतला.

टेक इन. कपडा आत घेणं, घट्ट करणं. हा अर्थ तिच्या रोजच्या कामातला, तिला आवडेल असं त्यांना वाटलं. तिने वाक्य केलं, की मी माझे ब्लाउज पुन्हा आत घेतले. मास्तर म्हणाले, ‘पुन्हा’ची जागा चुकली. तिने ते सुधारून म्हटलं. मग टेक अवे, काढून नेणं. तिने सांगितलं, की तो सकाळी जाताना माझा फोन घेऊन जातो. मास्तरांनी काळ तपासला. रोजची सवय आहे तेव्हा साधा वर्तमानकाळ बरोबर. शाब्बास.

दिवसागणिक तिची जीभ सुटत गेली. हे मास्तरांना दिसत होतं आणि त्यांची छाती फुगत होती. सुनेचे ओठ पूर्वी बोलताना थरथरत, आता इंग्रजी बोलताना तिचा आवाज सरळ यायचा. आपल्या भाषेत ती जेवढी गप्प, तेवढी या परक्या भाषेत मोकळी. मास्तरांना ही शिकवणीची किमया वाटली. त्या घरात एकच माणूस इंग्रजी समजतं आणि ते माणूस समोर स्टुलावर बसलेलं आहे, हा हिशेब तिने मांडला असेल, असं त्यांच्या मनाला शिवलं नाही. किंवा शिवलं आणि त्यांनी ते झटकून टाकलं. देवाला ठाऊक.

मग एका संध्याकाळी राग काढण्याचा अर्थ आला. मास्तरांनी सांगितलं, की एकाचा राग दुसऱ्यावर काढायचा असला तर टेकच्या मागे ‘आउट’ लागतं आणि माणसाच्या आधी ‘ऑन’. अवघड आहे, घाई नको. सून घाईत नव्हती. तिने भाजीचं ताट बाजूला सारलं, हात पदराला पुसले आणि मास्तरांकडे बघत सावकाश म्हणाली, “लिफ्ट नीट होत नाही तेव्हा ही टेक्स इट आउट ऑन मी.”

“वा!” मास्तर म्हणाले. “लिफ्टचंही इंग्रजीत म्हण.”

तिने म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेतल्या बाकावर मास्तरांनी हे वाक्य टपालरावांना ऐकवलं. टपालराव पोस्टातून निवृत्त झालेले. खरं नाव वेगळंच, पण टपालरावच म्हणत सगळे. दोघांची सकाळची बैठक जुनी. टपालराव शेंगा सोलत होते. मास्तर म्हणाले, “इतक्या थोड्या दिवसांत! आउट आणि ऑन, दोन्ही जागच्या जागी. माझ्या नोकरीत इतका चांगला विद्यार्थी मला मिळाला नाही.”

टपालरावांची शेंग सोलायची राहिली. “कोण काढतो?” त्यांनी विचारलं.

“काय कोण?”

“राग. तुझ्या शिकवणीत वाक्य खरं लागतं ना?”

“अरे, तू रचना बघ की वाक्याची.”

“मी पोस्टातला माणूस,” टपालराव म्हणाले. “मी आधी पत्ता बघतो.”

मास्तर त्यांच्यावर उखडले. तुला भाषेतलं काही कळत नाही, नसत्या चौकशा कशाला, असं बरंच बोलले. टपालराव ऐकून घेत राहिले. मग उरलेल्या शेंगा खिशात टाकून उठले आणि जाताना एवढंच म्हणाले, की पत्र चुकीच्या घरी पडलं तर परत करता येतं. पण तुझ्या दारी पडलंय ते तुझंच आहे.

त्या दिवशी मास्तर दुपारी झोपले नाहीत. गॅलरीत बसून राहिले. एकेक वाक्य आठवत गेलं. वही नव्हती, तरी सगळी आठवली, कारण ती विसरू नयेत अशीच शिकवली होती. गोळी, ब्लाउज, फोन. गोळी अंगदुखीची होती. ब्लाउज आत घ्यावे लागले, कारण ती वाळत चालली होती. मुलाचं काय करायचं? त्याला बोलावून विचारायचं? विचारलं आणि तो म्हणाला, बाबा, तुम्ही काय वेगळं केलंत? आणि समजा त्याने तसं म्हटलं नाही, पण बाहेरच्या खोलीतून बायकोने म्हटलं तर?  तेवढ्यात सून आली, तिने चहा टाकला आणि रोजच्यासारखी समोर बसली. तिच्या चेहऱ्यावर वाट बघणं होतं. काल तिने सगळ्यात मोठं वाक्य केलं होतं.

मास्तर घसा खाकरून म्हणाले, “आजपासून जरा मोकळं करू. वाक्य खरंच हवं असं काही नाही. कल्पनेतलंही चालेल.”

सून त्यांच्याकडे बघत राहिली. “म्हणजे खोटं?”

“खोटं नव्हे गं. कल्पनेतलं. मुलाखतीत काय, काहीही विचारतील.”

तिने मान खाली घातली. चहाला उकळी येऊन तो भांड्याच्या कडेपर्यंत चढला, तिने गॅस बारीक केला. मग पाठमोरी म्हणाली, “द किंग टेक्स टी.”

“बरोबर,” मास्तर म्हणाले.

त्यानंतरही शिकवणी चालू राहिली, पण तिच्यात जीव नव्हता. राजा चहा घ्यायचा, राजा बस पकडायचा, राजा फोटो काढायचा. सून चूक करत नव्हती. मास्तर सुधारत नव्हते. एकमेकांच्या नजरेला नजर न देता दोघं ती वेळ काढत होते. टपालरावांकडे जाणं मास्तरांनी गुडघ्याचं निमित्त सांगून बंद केलं.

शाखेतून मुलाखतीचा निरोप आला तो फोनवर आणि फोन होता चिरंजीवाच्या खिशात. त्याने तो एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत उभा राहून ऐकला. सोमवारी या, राहायची सोय तयार आहे, असं पलीकडची बाई आनंदाने सांगत होती. तो हो म्हणाला, आभार मानले, काम पुरं केलं आणि घरी आला.

मास्तर गॅलरीत होते. सासूबाई आसनावर. मधल्या खोलीचं दार लागलं. प्रथम मुलाचा आवाज आला, अगदी हळू, लिफ्टमध्ये अडकलेल्याशी बोलावं तसा. मग तो हळू राहिला नाही. सासूबाईंचं नाम चढू लागलं. मास्तर उठले, दोन खोल्या ओलांडून मधल्या दाराशी येऊन उभे राहिले. कडीवर हात ठेवला. आतून सुनेचा आवाज आला. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. स्वयंपाकघरात बोलायची त्याच सरळ आवाजात, नवऱ्याला कळू नये म्हणून इंग्रजीत, ती म्हणाली, “बाबा, टेक हिम अवे.”

मास्तरांचा हात कडीवर होता. कडी बाहेरच्या बाजूला होती, आतून दार नुसतं लोटलेलं. ढकललं असतं तरी उघडलं असतं. पाठीमागे नाम इतकं मोठं झालं होतं, की शब्द वेगळे ऐकू येत नव्हते. मास्तरांनी मागे वळून बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे उघडे होते. ती त्यांच्याकडेच बघत होती आणि तोंडाने नाम घेत होती. मास्तरांचा हात खाली आला.

मग आत लोखंडी पलंगावर काहीतरी आदळल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ सगळंच थांबलं. नामसुद्धा.

इस्पितळात सुनेचा जबडा तारेने बांधला. डोळ्याखाली काळंनिळं, एक हात गळ्यात. बोलता येणार नव्हतं. तपासणारी डॉक्टर तरुण होती, पण असली घरं तिने पुष्कळ पाहिलेली असावीत. चिरंजीवाने सांगितलं, की जिन्यावर पाय घसरला. पायऱ्या ओल्या होत्या, मी कितीदा सोसायटीला सांगितलंय. त्याचा आवाज दाटून आला होता आणि तो खोटाही नसावा. सासूबाईंनी मान हलवली. डॉक्टरने चिरंजीवाला औषधं आणायला खाली पाठवलं, दार लोटून घेतलं आणि मास्तरांना म्हणाली, “आजोबा, तुम्ही घरी होतात?”

मास्तरांनी सुनेकडे पाहिलं. तिने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग तोंड भिंतीकडे फिरवलं. राग नव्हता त्यात. तिला आता यांच्याकडून काही नको होतं, एवढंच.

मास्तर बोलू लागले ते इंग्रजीत. माझ्या मुलाचा स्वभाव तापट आहे, घरात काही काळ तणाव आहे, अशी लांब, नीटस वाक्यं. एकाही शब्दाला खरचटलेलं नव्हतं. डॉक्टरने थोडा वेळ ऐकलं आणि हात वर केला. “आजोबा, आपल्या भाषेत सांगा. घरात बोलता तसं.”

 त्या साध्या शब्दांपाशी यायला त्यांना वेळ लागला. सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, “ह्यांना काय विचारता? ह्यांचा हात काय कमी चालायचा? मी गेले का कुठे सांगत?”

 मास्तरांना ज्याची इतके दिवस धास्ती होती ते बोलून झालं होतं आणि छत काही कोसळलं नव्हतं. ते स्टुलावर बसले.

“तो मारतो हिला,” ते म्हणाले. “पुष्कळ दिवसांपासून. हिने मला सांगितलं होतं. मी ऐकून घेतलं आणि काही केलं नाही. आज मी दाराबाहेर उभा होतो.” मग बायकोकडे न बघता म्हणाले, “ही म्हणते तेही खरं आहे.”

पुढे जे व्हायचं ते झालं. पोलीस आले, चिरंजीवाला घेऊन गेले, काही दिवसांनी तो जामिनावर सुटला आणि बापाच्या घरी न येता मित्राकडे राहायला गेला. इमारतींतल्या म्हाताऱ्या मास्तरांना रस्त्यात ओळख देईनाशा झाल्या. असल्या सोन्यासारख्या मुलावर बापाने उलटावं, असं बोललं गेलं. सासूबाई रोज आसनावर बसत होत्या. आता नाम मनातल्या मनात घेत, नुसते ओठ हलत. मास्तरांशी त्या जेवणापुरतं बोलत. कधीतरी मध्येच विचारत, “कशाला सांगितलंत?” आणि उत्तराची वाट न बघता आत जात. मुलाखतीचा सोमवार केव्हाच उलटून गेला होता. शाखा उघडली होती.

सुनेला तिच्या भावाने आपल्या घरी नेलं. जबड्याची तार निघाल्याचं कळलं तेव्हा मास्तर तिचे कपडे एका पिशवीत भरून तिकडे गेले. जिने चढताना दोनदा थांबले. दार भावाच्या बायकोने उघडलं, त्यांना पाहिलं आणि आत बसा न म्हणता नणंदेला हाक मारली.

सून दारात आली. चेहरा उतरला होता, हनुवटी एका बाजूला किंचित वाकडी बसली होती, ती तशीच राहणार होती. मास्तरांनी पिशवी पुढे केली. बरंच काही ठरवून आले होते. काउंटरच्या जागा पुन्हा निघतील, मी रोज इथे येऊन शिकवीन, दारात बसून शिकवीन, असं. त्यातलं पहिलं वाक्य त्यांनी सुरू केलं, तेवढ्यात ती दातांच्या फटीतून, सावकाश म्हणाली, “मी त्या दिवशी तुम्हाला बोलले, ते ऐकू आलं होतं?”

मास्तरांनी कठडा धरला. “आलं होतं,” ते म्हणाले.

“कळलं होतं?”

“हो.”

तिने मान हलवली.  मग खाली बसून तिने पिशवी उघडली, कपडे वरखाली करून पाहिले. “माझी मोठी कात्री राहिली.”

“उद्या आणून देतो.”

“नको,” ती म्हणाली. “दादा येऊन घेऊन जाईल.”

पिशवी उचलून ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मास्तर थोडा वेळ तिथेच उभे राहिले. आतून भाचरांचे आवाज येत होते, कुणीतरी ताटं मांडत होतं. मग कठड्याला धरून ते एकेक पायरी उतरू लागले.